दुसरी रेघ

“आणि बाईची सही कुठंय?” म्हातारीनं विचारलं आणि उचललेला नोटरीचा शिक्का तसाच वर धरून ठेवला.

एलिसेओ विलारेआल त्या शिक्क्याकडे बघत राहिला. सहा डॉलरचं काम होतं. कागदावर शिक्का आपटायचा, ट्रक काढायचा, कौंटीच्या कचेरीत जाऊन खिडकीतल्या पोरीपुढे कागद सरकवायचा, की दुपारच्या जेवणाच्या आत त्या दात सरळ करणाऱ्या डॉक्टरच्या घरावर बोजा चढला असता. एकदा बोजा चढला की घर विकता येत नाही, त्यावर कर्ज काढता येत नाही, आणि कामाचे पैसे बुडवणारा माणूस कितीही मोठा असो, एक ना एक दिवस मुकाट्यानं चेक लिहितो. कायद्यानं गवंड्याच्या हातात एवढं एकच हत्यार दिलंय. स्वतःच्या धंद्याच्या सव्वीस वर्षांत त्याला ते कधी काढावं लागलं नव्हतं, आणि आज पंधरा तारीख, मुदतीचा शेवटचा दिवस. आणि ही बया, जिच्या दुकानात पार्सलं स्वीकारतात, किल्ल्या करून देतात, वाढदिवसाच्या फुग्यांत गॅस भरून देतात, ती चष्मा नाकावर ओढून त्याचा करारनामा वाचत बसली होती. वाचायला कोणी सांगितलं होतं हिला? शिक्का मारणाऱ्यानं शिक्का मारावा. पण कागदावर जगणाऱ्या लोकांची हीच खोड. हातात कागद आला की त्यांना चेव येतो.

“कुठली बाई?” तो म्हणाला.

“डॉक्टरची बायको असेल ना? राहतं घर दिसतंय. हे बघ, सहीच्या दोन रेघा आहेत. वरच्या रेघेवर डॉक्टर आहे, दुसरी कोरी.”

“पैसे डॉक्टर देणार होता. कमावतो तो. बायको टेनिस खेळते.”

“खेळेना का!” म्हातारीनं शिक्का खाली ठेवला. डोन्या ओफेलिया तिचं नाव, गळ्यात चष्म्याची दोरी, हातांवर तपकिरी डाग. “हे बघ बाबा, मी वकील नाही. वकिली सल्ला द्यायची मला परवानगी नाही, ते त्या भिंतीवर लिहून ठेवलंय. पण घरांची कागदपत्रं तपासायच्या कचेरीत मी तीस वर्षं काढलीत. टेक्ससात कुणाच्या राहत्या घरावर बोजा चढवायचा तर करार लेखी लागतो, त्यावर नवराबायको दोघांच्या सह्या लागतात, आणि त्या पहिला दगड पडायच्या आधी. शिवाय तो करार कौंटीत नोंदवलेला लागतो. नोंदवलाय का हा?”

“नोंदवलाय. माझ्या बायकोनं.”

“मग तुझी बायको शहाणी आहे.”

“आता घेतली सही तर?”

“काम कधी सुरू केलंस?”

“गेल्या वर्षी मार्चमध्ये.”

म्हातारीनं कागद सारखे केले, कोपरे जुळवले. त्या जुळवण्याचा त्याला संताप आला. “शिक्का मारू का?” तिनं विचारलं. “मी मारीन, मला काय! तू माझ्यासमोर शपथेवर सही केलीस, एवढंच माझा शिक्का सांगतो. कचेरीतली पोरगीही घेईल, ती काहीही दाखल करून घेते. पण डॉक्टरचा वकील एका दुपारीत हा बोजा उडवून लावेल, आणि खोटा बोजा चढवला म्हणून उलटा तुझ्याच मागे लागेल. सहा डॉलर वाचव.”

त्यानं कागद गोळा केले आणि आभार न मानता बाहेर पडला. मागे कुणाचा तरी फुगा सुसू करत भरत होता.

ट्रकमध्ये सीट इतकी तापली होती की पाठ टेकवेना. त्यानं इंजिन सुरू केलं नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून बसला. नखांच्या कडांना चुनखडीची पांढरी रेघ होती, ती अंघोळीनं जात नाही, लग्नाच्या दिवशीही गेली नव्हती. लिंबू चोळून चोळून बायकोच्या, अम्पारोच्या, आईनं हात टेकले होते. बाईची सही! त्यानं मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि थुंकावंसं वाटलं. कायदे करणारे लोक कुठं बसतात, थंड हवेच्या खोलीत, बूट पॉलिश केलेले, त्यांनी कधी जुलैतल्या उन्हात चिरा उचललाय? चिरा बसवताना बायकोची सही लागते का? ओळंबा सोडताना? अकरा महिने तो त्या अंगणात राबला. तिघं गडी बरोबर. डॉक्टर हॅल्व्हर्सनच्या घरामागे कमरेएवढी भिंत, तिला वळसा घालून बसायचा कट्टा, मांस भाजायची दगडी चूल, वर धुराडं. त्या धुराड्याचा एकेक चिरा त्यानं स्वतः घडवला होता, चिऱ्यांमधल्या दरजा स्वतः भरल्या होत्या, गड्यांना हातही लावू दिला नव्हता. आणि डॉक्टर संध्याकाळी गाडीतून उतरून यायचा, पांढरा सदरा, पांढरे दात, आणि मोडक्या स्पॅनिशमध्ये, एलिसेओचा घरगुती ‘चेओ’ करून, म्हणायचा, “मायेस्त्रो, उस्ताद! कलावंत आहेस तू, चेओ, कलावंत!” कलावंत म्हणणारा माणूस पैसे बुडवणार, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. ज्याला पैसे द्यायचे असतात तो ‘कधी संपणार?’ एवढंच विचारतो.

काम संपल्यावर डॉक्टर भिंतीपुढे उभा राहिला होता, हनुवटीला हात लावून, एखाद्या पोराच्या वाकड्या दाताकडे बघावं तसा. “पिवळा आहे, चेओ. मी पांढरा म्हणालो होतो.” पांढरा कोण म्हणालं होतं? रंगाचा विषय याच्या तोंडून कधी निघाला होता? मधाच्या रंगाचा दगड त्याच्या बायकोनं निवडला होता, हातात घेऊन, पाण्यानं भिजवून, उन्हात धरून. पण शेवटचा हप्ता देणं जिवावर आलं की माणसाला रंग दिसायला लागतात. दोन पत्रं पाठवली, तीन फोन केले. मग डॉक्टरच्या वकिलाचं एक पत्र आलं, जाड कागदावर, इतक्या सभ्य भाषेत की अम्पारोनं ते दोनदा वाचून फ्रिजवर लावून ठेवलं. “का लावलंस ते?” त्यानं विचारलं होतं. “तुला रोज दिसावं म्हणून,” ती म्हणाली होती.

अम्पारो त्याच्या धंद्याची कचेरी. जेवणाच्या टेबलाचं डावं टोक म्हणजे कचेरी, उजव्या टोकाला जेवण. बिलं तीच लिहायची, विम्याचे कागद तीच भरायची, आणि तो घरी येऊन म्हणायचा, आज काय खरडलंस? त्याला ते खरडणंच वाटायचं. दगड दिसतो, वजन असतं त्याला, अंगठ्यावर पडला तर नख जातं. कागद अंगठ्यावर पडला तर काय होतं? काही होत नाही! असं तो गड्यांना सांगायचा आणि गडी हसायचे. आता शुक्रवारी खाणवाला केस्लर येणार. दुसऱ्या खेपेचा दगड उधारीवर घेताना ट्रकचे कागद आणि दगड कापायचं मोठं यंत्र त्यानंच गहाण लिहून दिलं होतं, केस्लरच्या पत्र्याच्या खोलीत, उभ्या उभ्या, न वाचता. शुक्रवारपर्यंत पैसे नाहीत तर ट्रक आणि यंत्र जाणार. ट्रक गेला की गवंडी संपला. मग चौपन्नाव्या वर्षी भल्या पहाटे हार्डवेअरच्या दुकानाबाहेर उभं राहायचं, आणि कुणीतरी गाडी थांबवून काच खाली करून विचारील, आज येतोस का रे? अशा उभ्या माणसांना त्यानं स्वतःच कितीदा काच खाली करून विचारलं होतं, आणि कधी त्यांची नावं विचारली नव्हती.

दुसरा रस्ता होता, तीन वाजताचा. बँकेत. घरावर कर्ज. पंधरा दिवसांपूर्वी बँकेनं कागद पाठवले होते, कायद्याप्रमाणे थांबायचे दिवस उलटले होते, आज बँकेतच जाऊन दोघांनी सही करायची, मग तीन दिवस थांबून शुक्रवारी पैसे. सकाळी निघताना तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता, “तीन वाजता जायची गरज पडणार नाही. डॉक्टरच्या घरावर बोजा चढवूनच येतो.” अम्पारो मक्याच्या रोट्या भाजत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. “बाईची सही आहे त्याच्यावर?” असं तिनं विचारलं नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये एकदा विचारलं होतं. तेवढंच.

ट्रक सुरू झाला. कुठं जायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं, पण चाकांनी डॉक्टरच्या वस्तीच्या, ओल्मोसच्या दिशेनं वळण घेतलं. तिकडे झाडं मोठी, सावल्या गार, रस्त्यावर माणूस दिसत नाही, फक्त पानं उडवणाऱ्या यंत्रांचा आवाज. सावलीतसुद्धा पैसा असतो. त्याला आठवण टाळायची होती, पण ती आलीच. मार्चमधली सकाळ, अंगणातलं टेबल. डॉक्टरनं वाचल्यासारखं करून वरच्या रेघेवर सही ठोकली. बायको, मेरिडिथ, समोर उभी होती, दोन्ही हातांत दगडाचे तीन नमुने, एकीकडे कलून, लहान मुलीला बाहुली धरायला दिल्यासारखी. तिनं नमुने टेबलावर ठेवले, हात टेनिसच्या चड्डीला पुसले आणि पेनाकडे हात केला. पेन तिच्या बोटांत आलंही होतं. अम्पारोनं टाइप केलेली दुसरी रेघ तिच्यापुढे होती. आणि एलिसेओनं काय करावं? त्यानं कागद हळूच आपल्याकडे ओढला, घडी घातली आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही दगडाचा रंग निवडा. सहीचं आम्ही बघतो.”

डॉक्टर खो खो हसला होता. पाठीत थाप मारली होती. ती थाप त्याला इतकी गोड लागली होती! त्या थापेत दोन पुरुष होते, दोन कर्ते, एक पैसेवाला आणि एक हुन्नरवाला, बरोबरीचे. बरोबरीचे! अकरा महिने तो ते मानत राहिला. पुढच्या रविवारी भाऊ जेवायला आले, रात्रभर मंद आचेवर शिजलेलं बार्बाकोआचं मांस पानात, लाल सोड्याच्या बाटल्या, तर त्यानं तो किस्सा सांगितला. तीनदा सांगितला. दर वेळी मॅडमचा आवाज जरा बारीक होत गेला आणि कंबर जरा जास्त लचकत गेली. धाकटा भाऊ रेमिहिओ हसता हसता घास अडकून खोकला होता. अम्पारो वाढत होती. तिनं फक्त विचारलं होतं, “म्हणजे तिची सही नाही घेतलीस?” आणि तो म्हणाला होता, “बाई काय भिंत बांधणार आहे?” पुन्हा हशा. तिनं मग वाटीतला कांदा संपला म्हणून आत जाऊन कांदा चिरला. खूप वेळ चिरत होती. त्याला तेव्हा वाटलं होतं, कांदा चिरायला एवढा वेळ लावणारी बाई, हिला काय धंद्यातलं कळणार! आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई बस पकडून कौंटीत गेली आणि एका सहीचा तो करार नोंदवून आली. आपल्या वाटचं काम तिनं केलं होतं. ते आता त्याच्या डोक्यात आलं आणि त्यानं ते लगेच झटकलं.

मेरिडिथ मागच्या अंगणात होती. कट्ट्यावर, त्याच्याच कट्ट्यावर, पाय वर घेऊन. भिंतीवर ऊन पडलं होतं आणि दगड आतून उजळल्यासारखा दिसत होता. पिवळा म्हणे! आंधळ्या, मध आहे तो मध. त्याची नजर आपोआप चिऱ्यांमधल्या दरजांवरून फिरली. एकही तडा नाही. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

“मिस्टर विलारेआल,” ती उठत म्हणाली. त्याला ‘मिस्टर’ म्हणणारी या घरात तीच एक होती, हे त्याला आज पहिल्यांदा जाणवलं. “ट्रेंट दवाखान्यात आहे. बसा. गार चहा घेणार?”

“नको.” पण तिनं आणलाच. उंच ग्लास, आत पुदिन्याचं पान. चहात पान घालणारे लोक. त्यानं ग्लास कट्ट्यावर ठेवला, ओलं वर्तुळ दगडावर उमटलं, त्यानं पटकन बाहीनं पुसलं. “मॅडम, एक छोटंसं काम राहिलंय. म्हणजे, कागदाचं. करारावर तुमची सही राहिली होती. नुसता उपचार आहे.”

“राहिली होती?”

“गडबडीत.”

“गडबडीत नाही,” ती म्हणाली. “पेन माझ्या हातात होतं.”

कुठंतरी झाडात टोळ किर्र करत होते, इतक्या एका सुरात की डोकं फुटावं.

“तारीख कुठली घालू?” तिनं विचारलं.

“मार्चची. गेल्या वर्षीच्या.”

ती हसली. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, म्हणूनच ते त्याला सहन होईना. “म्हणजे मी माझ्याच घरावर बोजा चढवायला तुम्हाला मदत करायची, आणि तीही खोट्या तारखेनं.” तिला सगळं ठाऊक होतं! टेनिस खेळणाऱ्या बाईला. “त्या दिवशी मी वाचला होता तो करार, मिस्टर विलारेआल. तुम्ही घडी घालायच्या आधी. चांगला लिहिला होता. कोणी लिहिला?”

“बायकोनं.”

“मी तेव्हा सही केली असती. आनंदानं केली असती. मला ही भिंत हवी होती.” तिनं तळहात दगडावर ठेवला. “ट्रेंटला मी सांगितलं, रंग मी निवडला, दगड बरोबर आहे, त्यांचे पैसे देऊन टाक. तो काय म्हणाला माहितेय? म्हणाला, ‘तुला त्यातलं काय कळतं?’”

“माणूसच तसा आहे तो,” एलिसेओ घाईनं म्हणाला. त्याला वाटलं, हा धागा पकडावा. “मी तेव्हाच ओळखलं होतं. मॅडम, तो तुम्हाला काही किंमत देत नाही, आणि तुम्ही...”

“तुम्ही देत होता?”

त्यानं ग्लास उचलून घोट घेतला.

“अकरा महिने तुम्ही इथं होता. रोज सकाळी मी तुम्हाला सुप्रभात म्हणायचे. तुम्ही म्हणायचा, डॉक्टर आहेत का?” ती हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती, रोजच्या हवेविषयी बोलावं तसं बोलत होती. “तुम्ही दोघं एकमेकांना अगदी शोभता. मी खोटं बोलणार नाही. त्याच्यासाठी नाही आणि तुमच्यासाठीही नाही. चहा संपवा, ऊन फार आहे.”

ट्रककडे जाताना त्यानं मनातल्या मनात तिला काय काय म्हटलं! आयती बसून खाणारी. दुसऱ्याच्या घामावर पाय पसरून बसणारी. पुदिन्याची पानं तोडणारी. पण शिव्या नीट लागेनात. प्रत्येक शिवी सुटून परत फिरायची आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर बसायची. वळणावर त्याला आठवलं की चहा आपण पूर्ण प्यायलो होतो. चांगला होता.

घरी पोचला तेव्हा एक वाजत आला होता. सॅन अँटोनियोच्या त्या भागात रस्त्यावरून बघितलं तर विलारेआलचं घर सगळ्यांत देखणं. पुढची भिंत त्यानं सहा वर्षं रविवार घालवून चिऱ्यांनी मढवली होती, येणारा जाणारा थांबून बघायचा, गिऱ्हाइकं तो इथंच आणायचा. मागची भिंत तशीच होती, सिमेंटच्या ठोकळ्यांची, उघडी, न गिलावा केलेली. वीस वर्षं तो म्हणत होता, या हिवाळ्यात करतो. मागे कोण बघतंय? मागे कपडे वाळत घालायची दोरी होती, आणि ओलं कापड हातात घेऊन रोज त्या भिंतीपुढे अम्पारो उभी असायची. जागा तिच्या आईची. लग्नात तिनं आणलेली एकच गोष्ट म्हणजे ही जागा, आणि तो चारचौघांत म्हणायचा, माझं घर.

अम्पारो टेबलाच्या डाव्या टोकाला बसली होती. बँकेत जायला काढून ठेवलेला निळा झगा तिनं घातलेला नव्हता. घरातलीच चप्पल, घरातलाच अंगरखा. समोर बँकेचे कागद, वाचून वाचून कडा वर आलेल्या.

“चढवलास बोजा?” तिनं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “कायदा आहे एक फालतू. राहत्या घरावर चालत नाही, नवराबायको दोघांची... जाऊ दे. चल, तयार हो. तीन वाजता पोचायचंय.”

“दोघांची सही लागते,” ती म्हणाली. “हो. इथंही लागते.”

“म्हणून तर म्हणतोय चल. तुझी सही लागणार आहे.” खिशातलं पेन काढून त्यानं तिच्यापुढे आपटलं. का आपटलं, त्यालाही कळलं नाही, सही तर बँकेत व्हायची होती. पण हातात पेन होतं, समोर कागद होते आणि वरच्या रेघेखाली त्याचं नाव टाइप केलेलं होतं. त्यानं तिथंच, उभ्या उभ्या, आपली सही केली. मोठी, लांब शेपटी काढून. मग पेन तिच्याकडे सरकवलं. “हं.”

“असं घरात केलेलं चालत नाही, चेओ. वाचलं असतंस तर कळलं असतं.”

“मग बँकेत कर. ऊठ.”

“नाही,” अम्पारो म्हणाली.

तिनं हा शब्द इतक्या सहज म्हटला की त्याला वाटलं, ती निळ्या झग्याविषयी बोलते आहे. “काय नाही?”

“सही नाही. घर नाही.”

“अगं केस्लर ट्रक नेईल! यंत्र नेईल! शुक्रवारी!”

“नेईल. तू ट्रक लिहून दिलास तेव्हा मला विचारलंस? ट्रक तुझा होता, तू लिहून दिलास. घर माझ्या आईच्या जागेवर आहे, ते मी लिहून देत नाही. कर्ज काढून केस्लरचे फेडशील, मग पुढचा डॉक्टर पाठीत थाप मारील, मग बँक घर नेईल. आणि मी कुठं जाऊ कपडे वाळत घालायला?”

“तुला धंद्यातलं काय कळतं?” तो ओरडला.

हे वाक्य त्यानं आज आधीच ऐकलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत, पुदिन्याच्या वासात. फ्रिजवर वकिलाचं पत्र चुंबकाखाली हलत होतं, वरच्या पंख्याच्या वाऱ्यानं. त्याला डॉक्टरचा तिरस्कार करायचा होता, जोरात, पोटातून, सकाळपासून तोच एक आधार होता. पण दरवेळी डोळ्यांपुढे डॉक्टर आणावा तर तो स्वतःच्या हनुवटीला हात लावून उभा असलेला दिसायचा, नखांना चुन्याची रेघ असलेला. एवढा हलकट माणूस आपण रोज आरशात दाढी करताना बघतो आणि ओळखत नाही, म्हणजे काय! त्यानं खुर्ची ओढली, पण बसला नाही.

“अम्पारो,” तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, “कायद्यानं तुझी सही लागते गं.”

“माहितेय,” ती म्हणाली. “लागते म्हणून तर नाही म्हणता येतंय. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुठंतरी माझी लागली.”

तिनं पेनाचं टोपण उचललं, नीट बसवलं. मग टेबलाच्या कडेनं वाकून ते त्याच्या सदऱ्याच्या खिशात अडकवलं, पोराला शाळेत पाठवताना अडकवावं तसं. आणि म्हणाली, “चेओ, तू दगडाचा रंग निवड. सहीचं मी बघते.”

तो हसला. त्या वाक्यावर हसायची त्याला सवय होती, ओठ आपोआपच फाकले, घशातून आवाजही निघाला. मग त्याच्या लक्षात आलं की दुसरं कोणी हसत नाहीये, आणि त्यानं तोंड मिटलं. कितीदा सांगितला होता त्यानं तो किस्सा, कांदा चिरण्याचा तो आवाज आत चालू असताना. तिनं शब्द न् शब्द जपून ठेवला होता, तिच्या सगळ्या कागदांसारखा, तारीखवार.

“ट्रकमधली तुझी हत्यारं काढून घे,” ती उठून टेबलाच्या उजव्या टोकाकडे जात म्हणाली. “ती गहाण नाहीत. मी वाचलंय केस्लरचं. फक्त ट्रक आणि यंत्र आहे त्यात. हात धू आणि आधी जेव, नाहीतर आधी ती काढ, तुझं तू बघ.”

तो जेवला नाही. बाहेर गेला, ट्रकचं मागचं फळकूट पाडलं आणि एकेक वस्तू उतरवायला लागला. थापी, छिन्न्या, बापाचा हातोडा, गुण्या, पाणसळ, ओळंब्याची दोरी. पुढच्या देखण्या भिंतीशी ठेवायला गेला, तर तिथं ऊन होतं. मागे सावली होती. दोरीवर सकाळचे कपडे वाळून कडक झाले होते, त्याचेच सदरे, ओळीनं, खांदे टांगलेले. तो सदऱ्यांखालून वाकून गेला आणि हत्यारं त्या उघड्या ठोकळ्यांच्या भिंतीपाशी मांडत गेला. ओळंबा हातात राहिला. त्यानं सवयीनं तो भिंतीवरून सोडून पाहिला. भिंत वाकडी होती. वीस वर्षं तशीच होती, आणि रोज कपडे वाळत घालताना अम्पारो ती वाकडी भिंत बघत आली होती.